कवडशातलं जावळ

उर्नाच्या घरात घड्याळ आहे. लग्नात आलेलं, लाकडी पेटीवर ठेवलेलं, इमानेइतबारे टिकटिकणारं. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. वेळ बघायची तर त्या घरात तेमुलेनकडे बघतात.

लोकरी नमद्याचा तो गोल तंबू, त्याला गेर म्हणतात. छपराच्या मधोमध एक गोल झरोका, आणि त्यातून उन्हाचा कवडसा आत पडतो. सकाळी तो पश्चिमेच्या भिंतीवरून खाली उतरतो, दुपारी देव्हाऱ्यापुढून सरकतो, आणि दिवस कलला की पूर्वेच्या भिंतीवर चढून वरच्या वर निघून जातो. तेमुलेन दिवसभर त्या कवडशात पालथा पडलेला असतो. कवडसा वीतभर सरकला की हाही वीतभर सरकतो. पोरगा खोगिरांपाशी असला की घोड्यांची दुसरी धार काढायची वेळ झाली. देव्हाऱ्यापुढे पोचला की चहा टाकायचा. भांड्यांच्या फडताळाशी आला की शेळ्या परतायला लागणार. उर्ना बाहेर शिंगरं बांधता बांधता ओरडून विचारते, "आई, तेमुलेन कुठवर आलाय?" आणि सासू, दोल्गोर, आतून सांगते, "देवापुढं आलाय गं, ये चहाला!"

पाचवं वर्ष लागलं तरी पोर बोललं नव्हतं. शहरातल्या डॉक्टरांनी एक लांबलचक नाव सांगितलं, कागदावर लिहूनही दिलं. पुरेवने, म्हणजे उर्नाच्या नवऱ्याने, तो कागद नीट घडी करून पेटीत ठेवला आणि दोघं दोन दिवसांच्या वाटेने घोडागाडीसारख्या खडखडणाऱ्या जीपमधून परत आली. त्या कागदाने काही बदललं नाही. तेमुलेन पांढरं तेवढंच खायचा: साय, दही, भात. मटणाचा वास आला तरी बाहेर पळायचा. "मंगोलाचं पोर आणि मटण खात नाही!" दोल्गोर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "उद्या म्हणाल मासा पोहत नाही." पण सायीचा जाड थर ती रोज त्याच्यासाठी स्वतःच्या हाताने काढून ठेवायची आणि दुसऱ्या कुणाला बोट लावू द्यायची नाही.

एकच गोष्ट त्याला सोसत नसे. डोक्याला हात. अंगाचं दूध तुटल्यापासून त्याने आईलाही डोक्यावरून हात फिरवू दिला नव्हता. वाऱ्याने टोपी उडाली तर उडू द्यायची, पण घालायला जायचं नाही. उर्नाला बाकी सगळ्याची सवय झाली होती, याची झाली नव्हती. शेजारच्या बाया आपल्या पोरांच्या डोक्याचा वास घेतात, तिकडे पापा घ्यायची तीच रीत, तेव्हा ती उगाच चुलीत शेण्या घालायला वळायची.

आता मुलग्याचं जावळ काढायचं ते तिसऱ्या नाहीतर पाचव्या वर्षी. तिसऱ्या वर्षी सगळं गणगोत जमलं होतं. पोराला घट्ट धरलं, तो काळानिळा होईतो ओरडला, धाकट्या चुलत्याच्या, जिग्जिदच्या, अंगठ्याला असा चावला की रक्त निघालं. पाहुण्यांनी आणलेली कोकरं बांधली, मटण खाल्लं आणि जावळ न काढताच निघून गेले. दोन वर्षांत केस कंबरेपर्यंत आले. गुंता असा, की चिमण्यांनी त्यात घरटं केलं असतं. "जावळ आहे तोवर पोर पाहुणं," दोल्गोर म्हणायची. "पाहुणं कधीही उठून जातं, बाई. आणि पुढच्या वर्षी शाळा. शाळेत काय जावळासकट धाडायचं?" यंदा चुकलं तर पुन्हा तिथी नव्हती. उर्नाला हे सांगायची गरज नव्हती. तिला त्याच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या, दोन वर्षांपूर्वीच्याही आणि पुढच्याही.

म्हणून तिने ती चूक केली.

जावळाला तेरा दिवस राहिले होते. भर दुपारी पोरगा कवडशात झोपला होता. गेरमध्ये कुणी नव्हतं. केसांतून ऊन झिरपत होतं, एका माशीची गुणगुण सोडली तर जग थांबलं होतं. तिला वाटलं, झोपेतच काढून टाकावं सगळं. कळणारही नाही त्याला. तिने शिवणाची कात्री घेतली, कानाजवळची एक बट बोटांत धरली आणि कापली. कच् असा आवाज झाला.

त्याने डोळे उघडले, आईकडे बघितलं, कात्रीकडे बघितलं. मग तो जो ओरडत सुटला तो थेट बाहेरच्या सामानाच्या गाडीखाली जाऊन बसला. तीन दिवस आत आला नाही. चौथ्या दिवशी कवडशासाठी आला, पण उर्ना आत असली की अंग चोरून बसायचा. तिच्या हातची साय खाईना. पुरेवने दिलेली खायचा, आजीने दिलेली खायचा. पोटच्या पोराने असं करावं आणि त्यात चूक आपलीच असावी, याच्यासारखं दुःख नाही. कुणाकडे रडायचीही सोय राहत नाही.

दोल्गोरला ती बट सुनेच्या बाहीत सापडली. "चोरून जावळ काढतेस?" ती कडाडली. "पहिली बट माझ्या लुव्सानदादाची होती! त्याच्या जन्मवर्षाचं आणि पोराच्या वर्षाचं जुळतं म्हणून त्याला चार दिवसांच्या वाटेवरून बोलावलंय. आता काय सांगू त्याला? सून उतावळी निघाली म्हणून?"

"सांगा," उर्ना म्हणाली. "आहेच मी उतावळी."



जावळाच्या दिवशी सकाळीच चौदा पाहुणे जमले. घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे वाडगे फिरायला लागले, बाहेर खुशूर, म्हणजे मटणाच्या करंज्या, तळले जाऊ लागले. पोराला वास येऊ नये म्हणून मटणाची कढई उर्नाने वाऱ्याच्या उलट बाजूला मांडायला लावली. लुव्सानमामा, दोल्गोरचा थोरला भाऊ, म्हणजे बहात्तर वर्षांचा वाळका माणूस, डोळे इतके बारीक की जागा आहे का झोपलाय ते कळू नये. उर्नाने त्याच्यापुढे वाडगा धरला आणि कुणी बोलायच्या आत स्वतःच सांगून टाकलं.

"मामा, पहिली बट मी कापली. त्याच्या झोपेत. चुकलं माझं."

मामाने वाडगा रिकामा केला, मिशी पुसली.

"तुझं जन्मवर्ष कुठल्या प्राण्याचं गं?"

"मेंढीचं."

"माझं सशाचं. पोराचं डुकराचं. ससा, मेंढी, डुक्कर, तिघांचं एकमेकांत छान जमतं. झाली की मग पहिली बट, योग्य हातानं झाली. मी दुसरा." आणि दोल्गोरकडे वळून म्हणाला, "तोंड काय वासून बसलीस? आण अजून एक वाडगा."

"पण बाकीच्यांचं कसं करायचं?" जिग्जिद अंगठा चोळत म्हणाला. दोन वर्षांत जखम भरली होती, आठवण नव्हती भरली. "मी सांगतो, चौघांनी धरा. दोन मिनिटांत उरकू."

"उरकायला ते काय लीद उचलणं आहे?" मामा म्हणाला. तो बराच वेळ खोगिरांजवळच्या उन्हात पालथ्या पडलेल्या पोराकडे बघत होता. उन्हाच्या चकतीत पोराने पंजा ठेवला होता आणि बोटं एकेक करून उचलत होता. "जावळाच्या दिवशी पोर काय करतं? कात्री घेऊन एकेका पाहुण्यापुढं जातं. कसं जातं? घरात ऊन फिरतं तसं, पश्चिमेकडून सुरू करून. बरोबर? मग हा रोज तेच करतोय. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. तुम्ही फक्त त्याच्या वाटेवर बसा, आणि गप्प बसा. जमेल तेवढं तरी?"

चौदा माणसं उन्हाच्या वाटेवर मांडी घालून बसली. कात्रीला निळी रेशमी पट्टी बांधली होती. मामाने सगळ्यांना दाखवलं: डोक्याला हात लावायचा नाही. केस नमद्यावर पसरलेत, त्यांची टोकं धरायची. कात्री इतकी सावकाश मिटायची की तिचा आवाज तिलाच ऐकू येऊ नये.

असा तो दिवस गेला. असा दिवस त्या घराने पुन्हा बघितला नाही. ऊन एका माणसाजवळ यायचं, त्याच्या गुडघ्यावर चढायचं, आणि त्याच्यामागोमाग पोरगा सरकत यायचा. तो माणूस श्वास रोखून एक बट कापायचा, निळ्या फडक्यात ठेवायचा, आणि ओठांतल्या ओठांत म्हणायचा, "दीर्घायुषी हो, रे बाबा." मग पुढचा माणूस वाट बघायचा. वाट बघण्याशिवाय काही कामच नव्हतं. दारातून ओव्याच्या रानासारखा उग्र गोड वास येत होता, घोड्या फुरफुरत होत्या. म्हातारी माणसं बसल्या बसल्या पेंगली. पाळी आली की शेजारी कोपराने ढोसायचा. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, आणि त्या गणगोतात ही गोष्ट अशक्यच म्हणायची. धुळीचे कण कवडशात वर-खाली होत होते, सगळे तिकडेच बघत होते. मध्येच जिग्जिद आपल्याशीच पुटपुटला, "च्यायला, हे छान दिसतं की." तो सहा वर्षं ट्रक चालवत होता आणि घरात पडणारं ऊन त्याने बहुधा त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

ऊन देव्हाऱ्यापुढे पोचलं तेव्हा एकदा ढग आला. कवडसा गेला. तेमुलेन उठून बसला आणि घशातून बारीक आवाज काढू लागला. चौदाही माणसांनी माना वर करून झरोक्याकडे बघितलं. दोल्गोर ढगाला काहीतरी बोलली, ते इथे लिहिण्यासारखं नाही. ढग सरकला.

कलत्या उन्हात शेवटच्या पाहुणीने बट कापली. केस मानेपर्यंत आले होते. आता उरली उर्ना. ती दाराजवळ, चुलीशी, आपल्या रोजच्या जागी बसली होती. कवडसा तिथे कधीच येत नाही. तो पूर्वेच्या भिंतीवर चढतो आणि तिच्या डोक्यावरून छपराच्या काठ्यांकडे जातो. मामाच्या युक्तीत सगळ्यांची पाळी होती, तिची नव्हती. हे तिला सकाळीच कळलं होतं.

"तुझी तर आधीच झाली," दोल्गोर म्हणाली. ते खरं होतं. पण ती बट चोरून घेतलेली होती, आणि तिच्यानंतर पोराने आईकडे नीट पाहिलंही नव्हतं.

ऊन भिंतीवर चढलं. तेमुलेन टाचा उंचावून उभा राहिला. ऊन काठ्यांवर गेलं, तांबडं झालं, विझलं. रोज या वेळी तो डोलत डोलत रडायचा. सगळे त्या रडण्यासाठी तयार होऊन बसले. पोरगा मान वर करून बराच वेळ रिकाम्या काठ्यांकडे बघत राहिला. मग वळला. चार पावलं चालून उर्नापुढे आला, आणि नमद्यावर पडावं तसा तिच्या मांडीवर पालथा पडला.

कुणीतरी कात्री तिच्या हातात दिली. "काप," दोल्गोर कुजबुजली. "काप गं, हीच वेळ आहे!"

उर्नाने कात्री नमद्याखाली सारली. आणि आपला पंजा त्याच्या डोक्यावर ठेवला. केस दिवसभराच्या उन्हाने अजून गरम होते. पोराचं अंग ताठ झालं. तिने हात हलवला नाही, उचललाही नाही. मग हळूहळू ते अंग सैल पडलं. चुलीवरचा चहा उतू जाऊन विस्तवावर चरचरला, सगळ्या गेरमध्ये जळक्या दुधाचा वास पसरला, आणि चौदा पाहुण्यांतलं एकही माणूस उठलं नाही.

डाव्या कानामागची एक बट तशीच राहिली. शाळेत गेला तरी ती खांद्यावर लोंबतेच आहे. लोक विचारतात, दोल्गोर कपाळावर हात मारून घेते. उर्ना म्हणते, "ती माझी आहे. घेईन सवडीनं."