बेंदराला न्हालेले ससे

सत्तरच्या दशकात मी सांगलीच्या एका कॉलेजात संशोधन करत होते. विषय होता पेशीच्या पडद्यात पाय रोवून बसलेलं एक एन्झाइम. ते कुठे आहे हे ओळखायला त्याला पकडणारी प्रतिपिंडं लागतात, आणि ती बनवून देतो ससा. बोकडाच्या मूत्रपिंडातून काढलेलं एन्झाइम सशाला अधूनमधून टोचत राहायचं, की त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात. तीही एका साच्याची नव्हेत. कुणी त्या एन्झाइमचं डोकं धरतं, कुणी शेपूट.

कॉलेजातले आधीचे ससे दगावले होते. "या खेपेला जमलं नाही तर विषय सोडा," असं सरांनी बजावलं होतं. नवरा फौजेत, मी सासरी. सासूबाईच म्हणाल्या, "घरी आण की. गोठ्यात काय जागा न्हाई व्हय?"

दोन पांढरेशुभ्र ससे आले, दोन पिंजऱ्यांत. एकाला टोचायचं, दुसरा तुलनेसाठी तसाच ठेवायचा. टोचलेल्याच्या कानावर मी शाईची खूण केली होती.

बेंदराच्या संध्याकाळी घरी येते तर दोघे एकाच पिंजऱ्यात, ओलेकच्च, पुढ्यात पुरणपोळीचा तुकडा. सासूबाईंनी बैलांबरोबर त्यांनाही शिकेकाई लावून न्हाऊ घातलं होतं.

"आज समद्या जनावरांचा सण. ही काय परकी हायती?"

कान कोरे करकरीत. माझं डोकंच फिरलं. "आवं आत्याबाई, माझं शिक्षण धुऊन टाकलंत की तुमी!"

त्यांनी स्वतःचं सणाचं ताट तसंच झाकून ठेवलं. भावकीनं नाकं मुरडली तेव्हा "सून शिकतीया, भाकरी मी थापीन" म्हणून सगळ्यांची तोंडं बंद करणारी ही बाई. त्यांचे उपकार माझ्याकडून फिटायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही सशांच्या कानातून थोडं रक्त काढलं. कॉलेजात जाऊन ताटलीत जेलीसारख्या घट्ट झालेल्या आगरमध्ये खड्डे पाडले. मधल्यात एन्झाइम, दोन बाजूंना दोघांच्या रक्तावरचं निवळ पाणी, म्हणजे सीरम. प्रतिपिंडं असली तर मधे पांढरी रेघ उमटते. दोन्ही बाजू कोऱ्या राहिल्या असत्या तर सशाची ओळखही नाही आणि माझा विषयही नाही. वाट बघताना मला अन्न गोड लागेना.

एका बाजूला रेघ आली. पुसट, पण आली. मी ती ताटली रुमालात गुंडाळून थेट घरी नेली.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. "कळलं का गं, कंचा त्यो?"

"कळलं. ही बघा रेघ."

त्यांनी ताटली दोन्ही हातांत घेतली, उजेडाकडे धरली, कितीतरी वेळ न्याहाळली. मग "दिसली गं बाई, दिसली!" म्हणत रडायलाच लागल्या.

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. सुईत दोरासुद्धा मीच ओवून द्यायचे.