गोचिडानं बंद पाडलेलं मटण

माझं मटण बंद झालं ते गोचिडामुळं. हे सांगितलं की लोक आधी हसतात. हसा बापांनो. पण रविवारचा रस्सा समोर रटरट शिजतोय आणि आपण दोडक्याची भाजी चिवडतोय, असं एकदा बसून बघा म्हणावं.

आमचं गाव मुरुमजवळ. मालक रानात, मी अंगणवाडीत, आणि सकाळ-संध्याकाळ शेळ्या माझ्याच गळ्यात. शेळीच्या कानामागं, मांडीच्या बेचक्यात गोचिडं बसतात, रक्त पिऊन एरंडीच्या बियांएवढी फुगतात. ती मी बोटांनीच उपटायची. एखादं मलाच चावायचं, पोटरीला नाहीतर कमरेला. खाजवायचं आणि कामाला लागायचं.

मग माझ्या अंगावर पित्त उठायला लागलं. गांधीच गांधी, तेही दिवेलागणीलाच. दुपारी मटण-भाकरी हाणून मी ठणठणीत असायची, त्यामुळं मटणावर कुणाचा संशयच न्हाई. आळ आला चहावर, मग वांग्यावर, शेवटी शेजारणीच्या नजरेवर. त्या गरिबाशी मी उगाच अबोला धरला.

पित्तावर आमच्याकडं ठरलेला इलाज. अंगाला आमसुलाचं पाणी चोळायचं आणि घोंगडी पांघरून पडायचं. मालक लगबगीनं घोंगडी आणायचे. कुठली? गोठ्यातली, शेळ्यांपाशी पसरलेली, गोचिडांनी भरलेली! म्हणजे गोचिडाचं दुखणं काढायला आम्ही आणखी गोचिडं अंगावर घेत होतो. रोग हल्याला अन् औषध पखालीला, दुसरं काय.

एका रविवारी मात्र ओठ सुजले, जीभ जड झाली, श्वास घुसमटायला लागला. मालकांनी आणि माझ्या धाकट्या भावानं मला जीपमध्ये घालून उमरग्याला नेलं. सुई टोचल्यावर जिवात जीव आला.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय खाल्लं होतं?"

"संध्याकाळी नुसता चहा."

"आणि दुपारी?"

"मटण."

"बरं, गोचीड चावतं का कधी?"

म्हटलं, बाईचं डोकं ठिकाणावर हाय का? पण त्यांनी रक्त तपासलं आणि नीट समजावलं. काही गोचिडं चावली की एखाद्याचं शरीर चार पायांच्या जनावराच्या मटणाशी वैर धरतं, आणि ते वैर जेवणानंतर काही तासांनी उठतं. कोंबडी, मासे, अंडी चालतील. दूध सोसतंय तोवर घ्या. मटणाचा मात्र एक घाससुद्धा न्हाई, पुढच्या खेपेला जिवावर बेतेल. नवीन गोचीड चावू दिलं नाही, तर पुढंमागं कमी होईलही कदाचित.

झालं! घरी आल्याबरोबर मी गोचिडांवर चालून गेले. शेळ्यांना औषधानं धुतलं, गोठ्यातल्या भिंतींच्या भेगा लिंपल्या, घोंगडी उकळत्या पाण्यात घातली. आता लुगड्यावर मालकांचा लांब बाह्यांचा सदरा चढवूनच गोठ्यात जाते, आणि बाहेर आले की अंग तपासते. चिकटलेलं दिसलं तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायचं, चिरडायचं न्हाई. शिवाय गोठ्यात कोंबड्या सोडल्या. गोचीड कोंबडी खाते, कोंबडी मी खाते. फिटंफाट!

मटण सोडलं म्हणून गावानं विचारलं, "माळ घातली का बाई?" म्हटलं, माळ कसली, गोचिडानं घातलाय हा उपास.

आणि मग भावाचा नवस पुढं आला. मी आत निपचित पडलेले असताना त्यानं दवाखान्याच्या दारात आमच्या पीराला हात जोडले होते. "माझ्या अक्काचं पित्त जाऊ दे. कंदुरी करीन, पहिला घास तिला भरवीन." मटण सुटलं, पित्त गेलं, नवस फळला. आली का पंचाईत! कंदुरी म्हणजे पीराच्या नावानं बोकड कापून गावजेवण, आणि पहिला घास माझा.

"पीराचा प्रसाद हाय, मटणाच्या एका बोटीनं, एवढ्याशा तुकड्यानं काय होतंय?" जो तो मला हेच सांगायला लागला. भावजय तर रडकुंडीला आली, नवस अर्धा राहिला तर पुन्हा आजार येईल म्हणून. भाऊ आपला कंदुरीच्या तयारीला लागलेला. मला भीतीही वाटत होती आणि सगळ्यांचा रागही येत होता.

दर्ग्यापुढं पंगत बसली. भाऊ मूठ झाकून माझ्यापुढं येऊन बसला. लहानपणी माझ्या काखेत वाढलेलं पोर हे. त्याचा पीराला दिलेला शब्द माझ्यापायी मोडायचा? डोळे गच्च मिटले आणि तोंड उघडलं.

गोड लागलं! चपाती कुस्करून गूळ घातलेला मलिदा होता तो.

"म्या घास म्हणलो होतो," भाऊ मोठ्यानं सगळ्यांना ऐकवत म्हणाला, "बोटी म्हणलो नव्हतो." मग माझ्या कानाशी वाकला. "तू तोंड उघडणार हे ठाव होतं मला, अक्का. म्हणून मलिदा माझ्याच हातानं केला, मटणाकडं फिरकलोबी न्हाई."

माझे डोळे भरून आले. पण चारचौघांत रडायचं कसं? त्यानं दुसरा घास पुढं केला आणि मी त्याचं बोटच कचकन चावलं.

"आयायायाय! गोचीड हाय का काय ही!"

समोरच्या पंगतीतून मालक ओरडले, "चावू दे, चावू दे! दोन पायांचं चालतंय तिला, डॉक्टरबाईंनीच सांगितलंय!"