रकाना रिकामा सोडू नये

आमच्या सासऱ्यांनी चौतीस वर्षं जन्मनोंदणी कार्यालयाच्या तीन नंबरच्या खिडकीत काढली, आणि त्या चौतीस वर्षांत एकाही बाळाला बिननावाचं बाहेर पडू दिलं नाही. नियम तसा नव्हता. नाव ठरलं नसेल तर रकाना कोरा सोडावा, पालकांनी पुढे सवडीने येऊन भरावा, असा नियम होता. सासऱ्यांना त्या 'सवडीने'चाच राग. "सवड कोणाला मिळालीय?" असं म्हणून ते फॉर्म खिडकीतून परत सरकवायचे आणि समोरच्या लाकडी बाकाकडे बोट दाखवायचे. "बसा तिथे. सुचलं की या." मग नव्याने बाप झालेली, दोन-दोन रात्री न झोपलेली माणसं त्या बाकावर डोकं धरून बसायची, कोपऱ्यावरच्या दुकानातून घरी फोन लावायची, शेजारी बसलेल्या परक्या बापाचा सल्ला घ्यायची. माझ्या नवऱ्याला, म्हणजे स्वतःच्या पोटच्या पोराला, आमच्या लेकीच्या वेळी त्यांनी तीन तास बसवलं होतं. तो अजून ती गोष्ट सांगतो आणि दर वेळी त्यात अर्धा तास वाढवतो.

ऑफिसात त्यांना सगळे 'रकानेसाहेब' म्हणत. ते हळूहळू गल्लीपर्यंत आलं. इस्त्रीवाला आमच्या गठ्ठ्यावर 'रकाने' एवढंच लिहितो. त्यांच्याविरुद्ध तक्रारीही पुष्कळ झाल्या. एकदा शिक्षा म्हणून वर्षभर मृत्यू विभागात टाकलं, तर तिथून ते रोज खुशीत घरी यायचे. म्हणायचे, "फार शिस्तीचा विभाग आहे. एकही माणूस नावाशिवाय येत नाही."

आता ह्या माणसाला निवृत्त झाल्यावर एका कुत्र्याचं नाव ठरवता येईना, ह्याला काय म्हणायचं?

कुत्रा हवा हा हट्ट लेकीचा. ती नऊ वर्षांची आहे आणि हट्टाच्या बाबतीत थेट आजोबांवर गेली आहे. म्हणून एका रविवारी सासरे, लेक आणि मी कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये गेलो. अकरा पिंजरे होते. दहांवर नावाच्या पाट्या होत्या, खडूने लिहिलेल्या, काहींवर फुलंबिलं काढलेली. अकराव्याची पाटी कोरी. आत एक तपकिरी कुत्रा बसला होता. एक कान उभा, दुसरा पडलेला आणि टोकाला फाटलेला. खिडकीतल्या मुलीने वहीत बघून सांगितलं, "हा कालच आलाय. कोणीतरी फाटकाला बांधून गेलं. नाव माहीत नाही."

सासऱ्यांनी चष्मा पुसला, पाटीकडे बघितलं, मग कुत्र्याकडे. लेक तोवर पाचव्या पिंजऱ्यातल्या पांढऱ्याशुभ्र, झुपकेदार कुत्रीच्या प्रेमात पडली होती. तिचं कोण ऐकतो!

"हाच," सासरे म्हणाले. "ह्याचा रकाना रिकामा आहे."

त्या मुलीने एक फॉर्म हातात दिला. पंधरा दिवस घरी सांभाळून बघायचं. पंधराव्या दिवशी पाच वाजायच्या आत फॉर्म पुरा भरून, कुत्र्याला सोबत घेऊन यायचं. नाव, फोटो, सही. नाहीतर शेल्टरचा माणूस येऊन त्याला घेऊन जाणार. "आमचा अनुभव आहे," ती म्हणाली. "पंधरा दिवसांत ज्यांना नाव सुचत नाही ना, ते महिन्याभरात कुत्रा परत आणतात."

"अगदी योग्य नियम," सासरे म्हणाले. घरी येईपर्यंत ते त्या मुलीचं कौतुक करत होते.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी एक वही घातली. सूचना लेखी द्याव्यात, अशी घरात आज्ञा निघाली. नवऱ्याने 'टायगर' लिहिलं. सासऱ्यांनी पुढे शेरा मारला : 'वाघ नाही. खोटी माहिती.' लेकीचं 'बिस्किट' खाद्यपदार्थ म्हणून बाद झालं. माझं 'मोती' बघून त्यांनी मला समोर बसवलं. "ह्या गल्लीत मोती तीन आहेत. तू हाक मारलीस तर येणार कोण?" म्हटलं, तिन्ही येतील, एकाला बिस्किट म्हणू. त्यावर ते हसले नाहीत. सासूबाईंनी काहीच लिहिलं नाही. त्या म्हणाल्या, "ते ठेवतील तेच. माझा वेळ कशाला घालवू?"

वहीच्या दुसऱ्या बाजूला ते कुत्र्याची रोजची नोंद ठेवू लागले. 'दिवस तिसरा. माझी चप्पल तोंडात घेतली, चावली नाही, दारापर्यंत नेऊन ठेवली. स्वभाव विचारी.' 'दिवस सहावा. दूधवाल्यावर भुंकला, वर्तमानपत्रवाल्यावर नाही. कारण समजले नाही.' कोणाला नाव द्यायचं तर आधी तो कोण आहे ते कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "बाबा, तुमच्या खिडकीत येणारी बाळं चार दिवसांची असायची. त्यांचा स्वभाव कोणाला कळला होता?"

"म्हणून तर," ते म्हणाले. ह्या 'म्हणून तर'ला काही अर्थ आहे का? पण त्यांच्या तोंडून आलं की वाद मिटला.

दहाव्या दिवसापर्यंत कुत्रा पुरता आमचा झाला होता. सासरे आंघोळीला गेले की बाथरूमच्या दाराशी बसायचा. लेकीच्या दप्तरावर हनुवटी टेकून झोपायचा. आणि आम्ही त्याला 'ए', 'हा', 'त्याला', 'अरे ह्याला बाहेर न्या' असं म्हणत होतो. बिचारा 'ए' म्हटलं की यायचा. पण घरात कोणीही कोणालाही 'ए' म्हटलं तरी यायचा. दिवसभर नुसत्या येरझाऱ्या.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," नवरा जेवताना म्हणाला, मोठ्याने. तीन तासांचा बाक त्याच्या मनातून गेलेला नव्हता. सासऱ्यांनी मान खाली घालून जेवण संपवलं आणि वही घेऊन गॅलरीत जाऊन बसले.

चौदाव्या दिवशी माझा पारा चढला. लेक शाळेतून आल्या आल्या कुत्र्याच्या गळ्यात पडून रडत होती. उद्या त्याला नेणार, ह्या धास्तीने ती डबाही खात नव्हती. सासूबाई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी त्यांच्यापुढे सगळं ओकले. म्हटलं, लोकांना घाई करायची, बाकावर बसवायचं, आणि स्वतःची वेळ आली की पंधरा दिवस पुरत नाहीत? हा कुठला न्याय?

सासूबाईंनी हातातल्या शर्टाची घडी पुरी केली. मग म्हणाल्या, "त्यांच्यावर चिडू नकोस गं. घाईत ठेवलेलं नाव काय असतं, ते त्यांना माहीत आहे."

आणि लग्नाला बारा वर्षं होऊनही मला ठाऊक नसलेली गोष्ट त्यांनी सांगितली. सासरे भावंडांत सातवे. सातव्यापर्यंत आईबापांचा उत्साह संपला होता. घरात त्यांना 'बारक्या' म्हणत, त्यावर भागत होतं. शाळेच्या पहिल्या दिवशी थोरला भाऊ त्यांना सोडायला गेला. मास्तरांनी विचारलं, नाव? भाऊ म्हणाला, बारक्या. मास्तर म्हणाले, हे नाव नव्हे, आणि मागे रांग लांब होती म्हणून आधीच्या मुलाचं जे नाव लिहिलं होतं तेच पुन्हा खाली लिहून टाकलं. वर्गात त्या नावाचे तीन झाले. हजेरीला मास्तर त्यांना 'तिसरा' म्हणायचे. तेच नाव पुढे दाखल्यावर, नोकरीच्या कागदावर, आमच्या दारावरच्या पाटीवर.

"नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांना जुन्या नोंदवह्यांची नक्कल करायचं काम होतं," सासूबाई म्हणाल्या. "एक दिवस स्वतःच्याच जन्माची ओळ समोर आली. वडिलांचं नाव, आईचं नाव, पुरुष, आणि पुढे कोरं. बावीस वर्षांचे होते. म्हणाले, वही माझ्यासमोर, पेन माझ्या हातात, खोलीत कोणी नाही."

"मग लिहिलं?"

"मुदत संपली होती ना! पंधरा वर्षांनंतर रकाना भरता येत नाही. नियम." त्या हसल्या, पण डोळे भरले होते. "मनात ठरवलं होतं म्हणे एक नाव स्वतःसाठी. मला कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणतात, आता काय उपयोग. मी आपलं जन्मभर 'अहो'वर भागवलं. ते तिसऱ्याचं नाव माझ्याही तोंडात कधी बसलं नाही."

मी उरलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या. माझा राग गेला होता, पण उद्याचे पाच काही हलणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी साडेचारला सासरे, मी आणि कुत्रा शेल्टरच्या खिडकीशी उभे होतो. फोटो चिकटवलेला, सही केलेली, पत्ता सुवाच्य अक्षरात. नावाचा रकाना कोरा. आमच्या पुढचा माणूस एक काळं पिल्लू काखेत धरून निघून गेला. खिडकीतल्या मुलीने घड्याळाकडे बघितलं आणि आमचा फॉर्म ओढून घेतला.

"काका, नाव?"

सासऱ्यांनी कुत्र्याकडे बघितलं.

"अहो, काहीही लिहा. कुत्र्याला कुठे परीक्षेला बसायचंय? मी लिहू का टॉमी? आत्ता गेले त्यांनीही टॉमीच लिहिलंय." तिने पेनाचं टोपण काढलंसुद्धा. पोरगी वाईट नव्हती. तिला घरी जायचं होतं, आणि आमच्या मागे अजून चार माणसं होती.

चौतीस वर्षांत सासऱ्यांनी खिडकीच्या आतून पुष्कळ फॉर्म बाहेर ढकलले असतील. त्या दिवशी त्यांनी बाहेरून आत हात घातला आणि फॉर्म परत काढून घेतला.

"थांबा," ते म्हणाले. "मी बसतो."

भिंतीशी एक बाक होता. तिथे जाऊन बसले. कुत्रा त्यांच्या पायाशी बसला, फाटका कान त्यांच्या गुडघ्याला टेकवून. मीही बसले. एरवी मी ह्या दृश्यावर महिनाभर हसले असते आणि नवऱ्याला तर वर्षभर पुरलं असतं. पण सासरे कुत्र्याचा पट्टा उगाच गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते. मला त्यांची फार दया आली, आणि दया येते म्हणून स्वतःचा रागही.

"बाबा, मुदत आहे अजून," मी म्हटलं. "वीस मिनिटं आहेत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. सासूबाईंनी मला सांगितलंय, हे त्यांना कळलं असावं.

"एक नाव आहे," ते म्हणाले. "वापरलेलं नाही."

"मग द्या की."

"जरा मोठं आहे. कुत्र्याला जड होईल."

"तो उचलेल," मी म्हटलं.

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि गुडघ्यावर फॉर्म ठेवून, एकेक अक्षर कोरल्यासारखं, रकान्यात लिहिलं : चंद्रहास. मग शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. ऑफिसातली सवय.

खिडकीतल्या मुलीने वाचलं, कुत्र्याच्या कानाकडे बघितलं आणि ओठ दाबून शिक्का मारला. पाचला दहा कमी होते.

घरी नवऱ्याने नाव ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "चंद्रहास? हा? नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! तिसऱ्या मजल्यावरून चंद्रहास म्हणून ओरडायचं मी?" लेकीने तेवढ्यात कुत्र्याच्या कानात ते नाव सात-आठ वेळा सांगूनही टाकलं होतं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ते दोनदा पुटपुटलं, चव घेतल्यासारखं, आणि सासऱ्यांकडे बघितलं. सासरे चपला जागेवर ठेवण्यात गुंतले होते. ठेवलेल्याच चपला पुन्हा ठेवत होते.

कुत्रा चार दिवसांत नावाला रुळला. नाव गल्लीतही रुळलं. इस्त्रीवाला विचारतो, आज चंद्रहासशेठ दिसले नाहीत? मात्र एक गोष्ट माझ्या लक्षात आली. खालून पोरांनी हाक मारली की कुत्रा शेपूट हलवत उठतो, आणि गॅलरीतल्या खुर्चीत बसलेले सासरे पेपरमधून मान वर करतात. कुत्र्याच्या आधी करतात. मग पुन्हा पेपरात घालतात.

मी कोणाला बोलले नाही. पण सासूबाईंचे डोळे माझ्याहून तयार.

काल दुपारी मी शाळेचे पेपर तपासत होते. कुत्रा माझ्या पायाशी गाढ झोपला होता. सासूबाईंनी स्वयंपाकघरात दोन कप चहा गाळला, साखर ढवळली, आणि दारात येऊन गॅलरीच्या दिशेने, जरा लाजत, पण स्पष्ट हाक मारली :

"चंद्रहास, चहा झालाय. या."

माझ्या पायाशी काही हललं नाही. गॅलरीत पेपर दुमडल्याचा आवाज आला, मग खुर्ची सरकल्याचा. सासरे आत आले, सासूबाईंच्या हातून कप घेतला आणि उभ्याउभ्याच पहिला घोट घेतला.

आमचा कुत्रा चहा पीत नाही.