आर्टिकल मॅडम आणि ‘द गोट’

लातूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्यातली निम्मी तरी ‘अ’ आणि ‘द’ या दोन चिमुकल्या शब्दांवर खर्च झाली असतील. मराठीला या आर्टिकलची गरजच पडत नाही. आपण नुसतं ‘शेळी’ म्हणतो; कुठली शेळी, कोणाची शेळी, ते ऐकणारा समजून घेतो. इंग्रजीत मात्र कुठलीही एखादी असेल तर ‘अ’ आणि ठरलेली, एकमेव अशी असेल तर ‘द’. हे मी इतक्यांदा फळ्यावर लिहिलं की मुलं मला माघारी ‘आर्टिकल मॅडम’ म्हणायची. ते मला ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

वर्गात शेळीचं उदाहरण मात्र मी कधी घेतलं नाही. उदगीरला शाळेत असताना माझा आवाज बारीक आणि कापरा होता. कविता म्हणायला उभी राहिले की गुरुजी म्हणायचे, "बस खाली, शेळे." सगळा वर्ग खिदळायचा. पुढं मी आवाज कमावला, जिभेलाही चांगली धार लावली. शेळी हा शब्द मात्र मनातून गेला नाही.

अशातच एका शिक्षक दिनाला मी अकरावीच्या वर्गात शिरले. फळ्यावर रंगीत खडूंनी फुलं काढली होती आणि मधोमध मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, ‘मॅडम इज द गोट’.

"कोणी लिहिलं हे?"

तिसऱ्या बाकावरची मुलगी उठली. किनवटकडच्या जंगलातल्या एका खेड्यातून आलेली, दहावीपर्यंत आश्रमशाळेत शिकलेली. इंग्रजीचं तिला वेड होतं. तास संपल्यावर थांबून शंका विचारायची. बीए इंग्रजीतून करायचं आणि आपल्याच आश्रमशाळेत शिकवायला जायचं, हे तिनं मला दोनदा तरी सांगितलं होतं. उठली तेव्हा ती हसत होती. मला ते हसू उद्धट वाटलं.

"मॅडम, त्याचा अर्थ असा हाय की..."

"अर्थ तू मला शिकवणार?" मी म्हणाले. एवढ्यावर थांबायला हवं होतं. थांबले नाही. "घरी शेळ्या राखतेस म्हणून इथंही तुला शेळ्याच दिसतात का?"

तिच्या घरी चार शेळ्या होत्या, हे मला माहीत होतं. तिनंच निबंधात लिहिलं होतं आणि त्याखाली मी ‘छान’ असा शेरा दिला होता. म्हणजे रागाच्या भरात काहीतरी तोंडातून निसटलं, असं म्हणायची सोय मला नाही. कुठं लागेल ते ठाऊक असूनच मी बोलले.

तिचं हसू मावळलं. बाकीच्या मुलांना त्या शब्दाचा अर्थ नक्की माहीत असणार, पण सगळे मूग गिळून बसले. माझ्या वर्गात मला दुरुस्त करायची कुणाची टाप नव्हती, आणि यालाच मी माझी शिस्त समजत होते. वर मी तिला इंग्रजीत माफीनामा लिहून आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं तो निमूटपणे आणून दिला.

त्यानंतर तास संपल्यावर ती कधी थांबली नाही. पुढं तिची बारावी झाली आणि कुणाकडून तरी कळलं की तिनं नांदेडला नर्सिंगला प्रवेश घेतला. चांगलं झालं, पोरगी मार्गी लागली, असं म्हणून मी मोकळी झाले.

पुढं उन्हाळ्याच्या सुट्टीत निलंग्याहून भाची आली होती. टीव्हीवर क्रिकेट चाललं होतं. एका फलंदाजाकडं बोट दाखवून ती म्हणाली, "मावशी, हा गोट हाय बघ."

"शेळी? इतका चांगला खेळतोय की."

ती पोट धरून हसली. "अगं, शेळी न्हाई. ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम. चारही शब्दांचं पहिलं पहिलं अक्षर. आजवरचा सगळ्यात भारी."

मी हसले नाही. शब्द घेऊनच बसले. या गोटचा उगम कुणी मुष्टियुद्धात सांगतं, कुणी गाणाऱ्यांच्या दुनियेत. गंमत म्हणजे त्याआधी मैदानावर ‘गोट’ म्हणजे ज्याच्यापायी सामना हरला तो, सगळ्यांनी खापर फोडायचा बळीचा बकरा. एकच शब्द, सगळ्यात थोर आणि सगळ्यात नालायक. आपल्याकडंही गोट म्हणजे छावणी, साडीची किनार, आईच्या हातातलं सोनं. एवढे सगळे अर्थ असताना मला फक्त शेळी दिसली.

मग मी कपाटातून तो माफीनामा काढला. ‘आय अॅम सॉरी दॅट आय कॉल्ड यू द गोट’, असं तिनं लिहिलं होतं. त्यातल्या ‘द’भोवती मी तेव्हा तिच्यासमोरच लाल गोल केला होता, वर ‘अ’ लिहिला होता आणि शेजारी शेरा मारला होता: आर्टिकल!

एकमेव असेल तर ‘द’. माझाच धडा तिनं मला लावला होता. इंग्रजीची मास्तरीण असून फळ्यावरच्या त्या ‘द’कडं मी पाहिलंसुद्धा नाही. मला स्वतःची लाज वाटली.

तिच्या मैत्रिणीकडून नंबर मिळवला आणि एसटीनं नांदेड गाठलं. कॉलेजच्या कँटीनमध्ये ती गणवेशात आली, पाया पडली, माझ्यासाठी चहा सांगितला. मी सगळं कबूल केलं. शेळ्यांवरून जे बोलले त्याची माफी मागितली आणि तो कागद तिच्यापुढं ठेवला.

"शेळ्यांचं लागलं होतं मॅडम," ती म्हणाली. "पण ते विसरून गेले मी. हायत घरी शेळ्या, त्यात काय." मग तिनं त्या लाल गोलावर बोट ठेवलं. "म्हणजे हे ‘द’ बरोबर होतं?"

"बरोबर होतं. माझं चुकलं."

तिनं कागद जवळ ओढला. "मी लई विचार केला होता तवा. तुम्ही शिकवलेलंच लावलं, तरी चुकलं. मग म्हटलं, आपल्याला न्हाई जमायचं इंग्रजी."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ड्युटीची वेळ झाली तशी ती उठली आणि पुन्हा पाया पडायला वाकली. मी तिचे हात धरले. "नको गं," एवढंच म्हणाले, आणि माझा आवाज बारीक, कापरा निघाला.