वैमानिकांच्या फायलीवरचा शेरा

नोकरीच्या काळातली बरीच प्रकरणं आता पुसट झाली आहेत. आरोपींचे चेहरे आठवत नाहीत, कलमं तर नाहीच नाही. हे एक मात्र जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं, आणि आजही अंगावर काटा येतो.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. नागपूर शहराच्या दक्षिणेकडच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी निरीक्षक होतो. एका सकाळी हजेरी आटोपून मी खुर्चीत बसतो न बसतो तोच ठाणे अंमलदार एका गृहस्थांना घेऊन आत आला. भाड्याने विमानं चालवणाऱ्या एका छोट्या कंपनीचे ते व्यवस्थापक. पुढारी, उद्योगपती, कधी गंभीर रुग्ण, असे प्रवासी त्यांची विमानं नेत-आणत. गृहस्थ अतिशय नम्र. तक्रार टाइप करूनच आणली होती. कंपनीच्या एका सहवैमानिक मुलीने कार्यालयातली ड्युटी आणि विश्रांतीची नोंदवही चोरून नेली होती.

“कामात ढिली होती. समज दिली, त्याचा राग धरला,” ते म्हणाले. “वही नसली तर आमची उड्डाणं अडतात, साहेब. लवकर मिळाली तर बरं.”

नोकराने केलेल्या चोरीचा गुन्हा दाखल केला आणि मुलीला नोटीस पाठवली. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ती वडिलांबरोबर आली. वय पंचवीस-सव्वीस. वडील मूळचे उमरेडचे, विणकर घरातले. हातमाग बंद पडल्यावर नागपूरच्या महाल भागात एका कापड दुकानात कामाला लागलेले. खांद्याला कापडी पिशवी होती आणि ती त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

मी विचारलं, “वही तू नेलीस?”

“हो. मी नेली.”

तीस वर्षांत मी हजारो जबाब घेतले असतील. पहिल्याच प्रश्नाला असं सरळ उत्तर देणारे फार थोडे भेटले. मी पुढे काही विचारण्याआधीच ती म्हणाली, “सोबत आणली आहे. पण तुमच्या हातात देईन, कंपनीच्या नाही. आणि पंचांसमोर देईन.”

“का नेलीस?”

ती पिशवीकडे बघू लागली. वडिलांचा धीर सुटला. “सांग ना वं साहेबाले. काहून चूप आहेस? साहेब, तीन दिवसांपासून घरात जेवून नाही राहिली हे. मले बी काही सांगत नाही.”

मी महिला शिपायाला चहा आणायला सांगितलं आणि दोन पंच बोलावून वहीचा पंचनामा उरकून घेतला. चोरीचा माल टेबलावर आला की माणूस मोकळा होतो, हा माझा अनुभव. तिचंही तसंच झालं.

चार दिवसांपूर्वी ती आणि एक ज्येष्ठ कॅप्टन रायपूरहून एका रुग्णाला नागपूरला आणत होते. मागे स्ट्रेचरवर अपघातात जखमी झालेली बाई, शेजारी डॉक्टर आणि बाईचा नवरा. नागपूर जवळ आलं, विमान खाली उतरू लागलं. नियंत्रण कक्षाने काही सूचना दिली. कॅप्टनकडून उत्तर गेलं नाही.

“मी वळून पाहिलं, तर सरांची मान छातीवर पडली होती,” ती म्हणाली. “मला वाटलं हार्ट अटॅक. हाक मारली, खांदा हलवला. ते झोपले होते, साहेब. गाढ. विमान मी उतरवलं. ते जागे झाले तेव्हा चाकं धावपट्टीला लागली होती.”

वडिलांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली. लेकीकडे ते बघतच राहिले. ज्या आकाशाकडे आपण कधी मान वर करून पाहतही नाही, तिथे पाच माणसांना घेऊन उडणाऱ्या विमानात मुख्य वैमानिक झोपला होता, आणि खाली शहरात कोणाला पत्ता नव्हता.

कॅप्टन आदल्या पहाटेपासून उडत होते. नागपूर ते मुंबई, तिथून गोवा, परत नागपूर, घरी जेमतेम तीन तास, आणि पुन्हा रायपूर. दुसऱ्या दिवशी मुलीने सही करायला वही उघडली, तर कॅप्टनच्या नावापुढे पूर्ण दिवसाची विश्रांती लिहिलेली होती. तिने व्यवस्थापकाला विचारलं. तो हसला आणि म्हणाला, “तू सही कर ना. बाकीचं आमच्यावर सोड.” तिने सही केली नाही. वही पर्समध्ये घातली आणि घरी गेली.

“नोकरी का नाही सोडलीस?”

“माझा परवाना आणि सगळी मूळ कागदपत्रं त्यांच्याकडे आहेत. पहिल्या दिवशी तपासायला म्हणून घेतली, ती परत दिलीच नाहीत. त्या कागदांशिवाय दुसरीकडे कोण उभं करणार?”

तिच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला होता. पण विश्वास बसणं म्हणजे पुरावा नव्हे. मी कॅप्टनना बोलावलं. पन्नाशी ओलांडलेले, उंच, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. समोर बसले आणि शांतपणे म्हणाले, “मी झोपलो नव्हतो. नवीन मुलगी आहे, घाबरली असेल.”

मी वही त्यांच्यापुढे ठेवली. जवळजवळ महिनाभराच्या त्यांच्या सह्या पानावर होत्या. माणूस रोज सही करतो तेव्हा ती रोज थोडी वेगळी येते. घाई असते, पेन बदलतं, हात थकलेला असतो. इथे सगळ्या सह्या शाळेतल्या कित्त्यासारख्या एकसारख्या. एका बैठकीत, एका पेनने केलेल्या. विश्रांतीच्या रकान्यात प्रत्येक ओळीत एकच शब्द होता, ‘घरी’.

मी हवालदाराला विमानतळाच्या फाटकावर पत्र देऊन पाठवलं. तिथे आत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची वेळ सुरक्षा जवान लिहून ठेवतात. दुपारी तो प्रती घेऊन आला. मी एका बाजूला फाटकाची नोंद आणि दुसऱ्या बाजूला कंपनीची वही ठेवली आणि कॅप्टनना म्हणालो, “तुम्हीच वाचा.”

पाच ओळी त्यांनी वाचल्या असतील. वहीत ते घरी झोपलेले होते आणि फाटकावर विमानाकडे निघालेले. सहाव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

“मी झोपलो होतो,” ते म्हणाले. “ती नसती तर आम्ही सगळे गेलो असतो. आणि तिलाच मी खोटी ठरवत होतो.”

“इतके दिवस उडायला नकार का दिला नाहीत?”

“बायको डायलिसिसवर आहे. हे शहर सोडून मला कुठे जाता येत नाही. त्यांना ते ठाऊक आहे.”

त्यांना ते किती नेमकं ठाऊक होतं, ते दुसऱ्या दिवशी कळलं. मूळ कागदपत्रं जप्त करायला आम्ही पंचांसह कंपनीच्या कार्यालयात गेलो. कागदपत्रांची ओळख पटवायला मुलगी आणि कॅप्टन दोघंही बरोबर होते. कपाट उघडलं. प्रत्येक वैमानिकाची एक फाईल, आत मूळ परवाना, आणि सगळ्यात वर मुलाखतीचा कागद. किती तास उडवलं, कोणती परीक्षा दिली, याला दोन ओळी. घरची माहिती मात्र अर्धं पान. आणि खाली शेरा.

नोकरी न मिळालेल्या एका उमेदवाराच्या कागदावर होतं, ‘जुनी नोकरी उड्डाण नाकारल्यामुळे गेली. घेऊ नये.’ कॅप्टनच्या फाईलवर, ‘पत्नी आजारी. शहर सोडणार नाही. नकार देणार नाही.’ त्यांनी ते दोनदा वाचलं आणि फाईल मिटली.

मुलीची फाईल मी उघडली. ‘वडील दुकानात नोकर. धाकटी दोन भावंडं. एकटीवर घर. नकार देणार नाही.’

ती माझ्या खांद्याशेजारून वाचत होती. “हे अक्षर...” ती म्हणाली आणि थांबली. मग सावकाश कॅप्टनकडे वळली. “सर, हे अक्षर तुमचं आहे.”

पंचनामा लिहिणारा हवालदार थांबला. तिची मुलाखत कॅप्टनने घेतली होती.

“व्यवस्थापकांनी सांगितलं होतं, काय काय विचारायचं ते,” कॅप्टन कसंबसं बोलले. “माझ्या फाईलवर असंच लिहिलं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.”

तिने पंचनाम्यावर सही केली, स्वतःचा परवाना जप्तीच्या पाकिटात जाताना पाहिला आणि बाहेर थांबलेल्या वडिलांजवळ जाऊन उभी राहिली.

व्यवस्थापक शेवटपर्यंत नम्रच होता. “साहेब, यात गुन्हा काय? कोण टिकेल हे तर सगळेच बघतात,” तो म्हणाला. अशा नम्र माणसाची मला जेवढी चीड आली तेवढी कधी दरोडेखोराचीही आली नाही.

मुलीने वही पुरावा म्हणून नेली होती, चोरीची तक्रार खोडसाळ होती; तो गुन्हा बंद करावा असा अहवाल, ‘ब’ समरी, आम्ही कोर्टात पाठवला. व्यवस्थापकावर खोटे दस्तऐवज तयार करणे आणि लोकांचा जीव धोक्यात घालणे यासाठी गुन्हा दाखल झाला. दिल्लीहून विमान वाहतुकीच्या नियामकांचं पथक आलं आणि कंपनीची उड्डाणं थांबली. कॅप्टनने सगळं लिहून दिलं, स्वतःची झोपसुद्धा. त्यांचा परवाना निलंबित झाला. खटला अजून चालू आहे, आणि प्रत्येक तारखेला ते हजर असतात असं कळतं. मुलीला परवाना कोर्टातून परत मिळाला, पण वर्षभर कोणी नोकरी दिली नाही. वही नेणारी म्हणून तिचं नाव झालं होतं. शेवटी दुसऱ्या राज्यातल्या एका कंपनीने घेतलं. वडील पेढे घेऊन ठाण्यात आले होते. “साहेब, तिनं पहिल्याच दिवशी त्याइले सांगून टाकलं, थकली तर नाही उडवणार. तरी घेतलं तिले,” ते म्हणाले.

ते गेले, पण ‘थकली तर नाही उडवणार’ हे शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. मग हजेरी मास्तरकडून बंदोबस्ताच्या जुन्या याद्या मागवल्या आणि महिनावार चाळल्या. सण असो, सभा असो, सलग दोन-दोन दिवसांच्या ड्युटीवर तीच चार-पाच नावं. याद्यांवर मंजुरीची सही माझी. मी कोणाच्या घरची माहिती कागदावर लिहिली नव्हती, पण कोण नाही म्हणणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि पेन आपोआप त्याच नावांवर जात होतं.

त्यातल्या एका हवालदाराला बोलावलं. विचारलं, “इतकी वर्षं कधी बोलला का नाहीत?”

तो सावधान उभा होता. म्हणाला, “साहेब, तुमी नाव वाचत होते. विचारत कुठं होते?”

त्या दिवशी मी यादी नव्याने करायला बसलो. पहिलं नाव लिहिण्याआधी एकेकाला आत बोलावून शेवटची पूर्ण झोप कधी झाली ते विचारलं. उत्तरं ऐकून मला त्या झोपलेल्या कॅप्टनच्या विमानात बसल्यासारखं वाटत होतं.