अण्णांची उडी

सुमे, कागदावरून का होईना, जवळ बस बघू. किती महिन्यांत फिरकली नाहीस, आणि वर मोबाइलवर मूकपटाचा तुकडा पाठवून विचारतेस, "आत्या, हे आजोबाच का गं?"

नऊवारीतली नायिका तटावरून घोड्यावर उडी घेते, तोंडावर पदर. नायिकांच्या उड्या तेव्हा तुझे आजोबाच मारायचे, लुगडं नेसून. आई चिडवायची, "माझ्यापेक्षा कासोटा तुम्हालाच छान जमतो!" म्हणजे अण्णा असतीलही. पण मी ओळखू कशी? माझ्या जन्माआधीच पडदा बोलायला लागला, उड्यांपेक्षा गाण्यांना भाव आला आणि त्यांचं काम सुटलं. मी पाहिले ते भिंत धरून उठणारे अण्णा. हा माणूस हवेत कसा दिसायचा, हे लेक असून मला ठाऊक नाही. आईनं नुसत्या पाठीवरून ओळखलं असतं. आता विचारू कुणाला? आईबाप आपल्याला भेटतात तेच मुळी त्यांचा अर्धा डाव संपल्यावर.

आणि मेलं ते चित्र, उडी घोड्यापर्यंत पोचायच्या आतच तुटतं. मी पुन्हा लावते. दर वेळी माझा हात आपोआप पुढे होतो, धरायला. एकटीनं बघवत नाही गं. लवकर ये.