होसकोट्याच्या तळ्यात ध्रुवाचं यंत्र

मी तो दोर ओढायला नको होता. हे आधीच सांगून टाकतो, मग प्रवासाचं वाचा.

राजाजीनगरातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये अण्णानं, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावानं, पितळेचं एक यंत्र बनवलं. दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रात ते तळाशी ठेवायचं. तिथं वर बर्फ, खांब रोवून पाण्याची चढ-उतार मोजायची सोय नाही. म्हणून तळावरचा पाण्याचा दाब मोजायचा. पाणी वाढलं की दाब वाढतो, आतलं पेन कागदावर वर सरकतं. मिठाच्या बर्फात ठेवून बघून झालं होतं. राहिली होती खऱ्या पाण्यातली परीक्षा. जमली तर यंत्र जहाजावर, नाहीतर अण्णाची सगळी मेहनत भंगारात.

सकाळी मार्केटहून होसकोट्याची बस धरली. जाणार असाल तर डावीकडं बसा, ऊन लागत नाही. यंत्र माझ्या मांडीवर.

कंडक्टरनं विचारलं, "काय रे, कुकर का?"

"नाग आहे. स्वल्प सरका."

शेजारची सीट लगेच रिकामी झाली.

स्टँडसमोर इडली खाल्ली. तिथली अक्का चटणी मागाल तितकी वाढते. तळं तिथून चालत.

बांधाच्या टोकाला दगडी चौथरा आहे. तिथून यंत्र तळाला सोडलं, दोर चौथऱ्यावरच्या लोखंडी कड्याला बांधला. अण्णा झाडाखाली आडवा झाला. पाण्यात म्हशी डुंबत होत्या. मला आला कंटाळा. दोर हातभर वर ओढून बांधला, थोड्या वेळानं परत सोडला. अण्णाचं तोंड बघायचं होतं, मग सांगणारच होतो.

पण संध्याकाळी कागद बघून अण्णा मटकन खाली बसला. "तळं हातभर उतरलं आणि परत भरलं म्हणतंय हे. खोटारडं निघालं, बंड्या. नाही पाठवायचं."

आणखी एक खोडी केलीस तर वर्कशॉपबाहेर, असं त्यानं मला बजावलेलं होतं. मी म्हटलं, "म्हशीच्या पायात दोर अडकून उचलला गेला असेल. आपण उचलून बघू या की."

यंत्र परत सोडलं. हातभर ओढलं, थांबलो, सोडलं. पेनानं दुपारसारखीच पायरी काढली, तेवढीच खोल. अण्णानं दोन्ही कागद एकावर एक धरून मावळत्या उन्हात बघितले.

"सरी, बरोबर आहे," हळूच म्हणाला. "हातभर म्हणजे हातभर. खोटं नाही बोलत रे हे."

परतीची बस खच्चून भरलेली. अण्णा यंत्र छातीशी धरून उभा, मला हातसुद्धा लावू देईना.

यंत्र जहाजावर चढलं. पण घरी पाहुणे आले की अण्णा आधी म्हशीची गोष्ट सांगतो. होसकोट्याला गेलो की तो म्हशींना केळी चारतो. घड मीच उचलून नेतो, निमूटपणे. तुम्ही तिकडं गेलात आणि अण्णा भेटला, तर पाया पडतो तुमच्या, दोर म्हशीनंच ओढला म्हणा.